सोलापूरच्या उन्हात ड्यूटीभर चालेल असा बाइंडर कोणता घ्यावा?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. मी ट्रान्समॅन, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला पण पुरुष असलेला, वय २३. पुढच्या महिन्यापासून होटगी रोडला एका ऑफिसात जॉइन होतोय. ड्यूटी साडेनऊ ते साडेसहा, जाणं-येणं गाडीवर. आत्तापर्यंत ढगळ शर्ट आणि आत टाइट स्पोर्ट्स ब्रा यावर भागत आलं, पण ऑफिसात शर्ट इन करून जायचंय आणि तो छातीवर सरळ बसलेला हवाय, सतत खांदे पुढं काढून बसायचा आता वैताग आलाय. म्हणून पहिल्यांदाच बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचा घट्ट कपडा, घेणार आहे.

नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं. आपल्याकडं मार्च संपायच्या आत पारा चाळिशीला टेकतो, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ म्हणजे नेहमीचंच, आणि नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांआड. त्यामुळं जे सोलापुरात किंवा आसपास राहून खरंच वापरतात त्यांनी सांगा, हाफ घ्यावा की फुल? बाहेरून मागवावा की इथं शिवून मिळतो? ड्यूटीभर घातला तर चालतो का? माझं माप छाती ३८, छातीच्या खाली ३३. आईला माहितीये, बाबांना अजून नाही, म्हणजे घरी येणारं पार्सल हा पण विषय आहेच.

शेंगाचटणी:
आधी नोकरीचं अभिनंदन भावा! पार्टी कधी देतोस बे? मला पण घ्यायचाय, त्यामुळं मी इथंच ठाण मांडून बसतो.

अशोकचौक_७:
बरीच वर्षं वापरतोय, सगळे प्रकार घालून झालेत. सोलापुरात राहायचं असेल तर हाफ. फुल बाइंडर बनियनसारखा कमरेपर्यंत येतो, दिसायला मस्त, शर्टाच्या आत एकसारखी रेघ येते, पण बसलं की खालची कड गोळा होऊन वर सरकते आणि पोटापाशी घामाचा पट्टा तयार होतो. हाफ छातीच्या जरा खाली संपतो, पोट मोकळं राहतं, जेवण झाल्यावर पण त्रास नाही. एक मात्र आहे, पोट थोडं सुटलेलं असेल तर हाफची खालची कड रुतते आणि तिथं घडी दिसते, त्यांना फुल बरा वाटतो. तुझ्या मापावरून तरी हाफ बसेल.

बाहेरच्या कंपन्यांमध्ये जीसीटूबी, अंडरवर्क्स, स्पेक्ट्रम आउटफिटर्स ही नावं सगळे घेतात. चांगल्या बाइंडरमध्ये पुढचं कापड न ताणणारं असतं, ते छाती सपाट धरतं, आणि पाठीचं कापड ताणणारं असतं म्हणून श्वास घेता येतो. पुढं-मागं दोन्हीकडं नुसतं लायक्रा असेल तर ती फक्त घट्ट बनियन झाली, तिनं छाती सपाट होत नाही, दबून वर सरकते. बाहेरून मागवलास तर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी धरून चाल, आणि साइज चुकला तर परत पाठवणं कुणाला परवडत नाही. म्हणून माप दोनदा घे, ऑर्डर एकदा दे.

विजापूर_वेस:
मापाबद्दल सांगतो कारण सगळे तिथंच गडबडतात. टेप छातीवर सगळ्यात भरलेल्या जागी, जमिनीला समांतर, श्वास साधा सोडलेला, टेप टेकलेला पण आवळलेला नाही. दुसरं माप छातीच्या लगेच खाली. तिसरं खांद्याचं, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हे बरेच जण सोडूनच देतात आणि मग बगलेत कापतं म्हणून ओरडतात. ब्रा घालून माप घेऊ नको, ती छाती उचलून धरते, माप चुकतं. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, एकीकडचा मीडियम दुसरीकडं लार्ज निघतो. आणि दोन साइजच्या मध्ये माप येत असेल तर मोठा घ्यायचा.

कडकभाकर:
मोठा?? मी तर कायम एक साइज लहानच घेतो, वापरून सैल होतोच ना नंतर. मोठा घेतला तर फरकच दिसत नाही.

फिजिओ_नवीपेठ:
कडकभाकर, तुझं वाचून राहवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथंच प्रॅक्टिस करते, आणि बाइंडर घालणारी मुलं माझ्याकडं येतात ती पाठ आणि बरगड्या धरूनच येतात. एक साइज लहान घेऊ नकोस रे. श्वास घेताना बरगड्यांचा पिंजरा पुढं आणि दोन्ही बाजूंना उघडतो. त्याला उघडूच दिलं नाही तर माणूस वरच्या वर, खांदे उचलून श्वास घ्यायला लागतो, मग मान आखडते, दोन खांद्यांच्या मधला भाग दगडासारखा होतो.

बाइंडर घातल्यावर चार गोष्टी करून बघा. पोट भरून खोल श्वास घ्या. खालच्या कडेत आणि बगलेत बोट सरकतंय का पाहा. खाली बसून बुटाची लेस बांधा. एक जिना चढा. यातल्या एका ठिकाणी जरी अडलं तर तो बाइंडर तुमचा नाही, आरशात कितीही छान दिसू दे.

आणि क्रेप बँडेज कुणी वापरत असेल तर आजच थांबवा. ते पाय मुरगळल्यावर बांधायला बनवलेलं असतं. छातीभोवती गुंडाळलं की प्रत्येक श्वास सोडताना ते मागं ओढलं जातं आणि आणखी आवळत जातं, बरगडीला इजा होऊ शकते. पॅकिंगची चिकटपट्टी आणि प्लास्टिक रॅप तर नकोच नको.

शेंगाचटणी:
ताई बरं झालं बोललात. क्रेप बँडेजचंच विचारणार होतो, मेडिकलात सहज मिळतं आणि कोण काही विचारत पण नाही म्हणून. कॅन्सल.

रातराणी_सोपा:
जुळे_सोलापूरकर, तुझी ड्यूटी नऊ तास, वर गाडीवरचा वेळ, म्हणजे दहा तासांच्या आसपास होतंय. सगळीकडं ८ तासांच्या वर घालू नका म्हणतात. याचं काय करणार ते आधी ठरव, ब्रँड नंतर.

अशोकचौक_७:
चांगला ब्रँड असेल तर एवढं काही होत नाही. त्रास होतो तो स्वस्तातल्या मालानं.

फिजिओ_नवीपेठ:
अशोकचौक, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. २०१७ साली बाइंडिंगवर एक मोठा अभ्यास छापून आलाय, १८०० जणांचा. त्यांनी २८ प्रकारचे त्रास विचारले होते, पाठदुखी, छातीत दुखणं, दम लागणं, अंगात उष्णता होणं, खाज असं बरंच, आणि ९७ टक्क्यांहून जास्त लोकांनी त्यातला निदान एक तरी त्रास होतो म्हणून सांगितलं. आता बघा, कंपनीच्या तयार बाइंडरचा संबंध २८ पैकी २० त्रासांशी लागला, क्रेप बँडेजचा १४ शी, चिकटपट्टी आणि प्लास्टिकचा १३ शी. यावरून बँडेज बरं असा अर्थ कुणी काढू नका. तयार बाइंडर घालणारे तो जास्त भरवशानं, जास्त घट्ट घालत असतील, असंही असू शकतं. पण सगळ्यात पक्का संबंध निघाला तो आठवड्यात किती दिवस घालता याच्याशी, २८ पैकी २२ त्रासांशी. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, कोणता घ्यायचा यावर जेवढा विचार करता तेवढाच कोणत्या दिवशी काढून ठेवायचा यावर करा. सुट्टीच्या दिवशी अंगाला मोकळं सोडायचं. आठवड्याच्या मध्ये एक दिवस स्पोर्ट्स ब्रा आणि सैल शर्टावर काढता आला तर फार उत्तम.

८ तास हा आकडा पण समजून घ्या. ८ तास व्हायचेत म्हणून पाचव्या तासाला दुखत असताना ओढत न्यायचं नाही. हाताला मुंग्या, छातीत कळ, धाप, चक्कर, यातलं काही झालं की त्याच क्षणी काढा, मग ऑफिसात असा नाहीतर लग्नात. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी घालू नका, छातीतला कफ सुटायला खोल श्वास लागतो. झोपताना नाही. पळायला किंवा जिमला जाताना नाही. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

अशोकचौक_७:
मान्य ताई. माझी पण रविवारी सुट्टीच असते बाइंडरला, ते मी लिहायचं राहिलं.

वसंत_काका:
मी वयानं मोठा आहे, माझा पुतण्या ट्रान्समॅन आहे म्हणून हा धागा वाचतोय. एवढं सगळं दुखणं लागणार असेल तर घालायचंच कशाला, हा प्रश्न मनात येतो. तो आमच्यासमोर दिवसभर तो पट्टा घालून बसतो, उन्हाळ्यात तोंड लाल झालेलं असतं, बघवत नाही. कुणाला दुखावायचं नाही, पण काळजी वाटते.

निळा_चेक्स:
काका, तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत. बाइंडर न घालता बाहेर पडणं काही जणांना इतकं अवघड जातं की ते बाहेर पडणंच सोडतात. कॉलेज सुटतं, मित्र सुटतात, दुकानात जाऊन साखर आणणं पण होत नाही. घातला की तोच मुलगा मान वर करून चालतो. त्यामुळं घालू नको म्हणण्यापेक्षा घरी आल्यावर काढ बाबा, आम्ही काही बघत नाही, एवढं म्हणा. तो तुमच्यासमोर पण दिवसभर घालून बसतो म्हणजे घरात काढायला त्याला मोकळीक वाटत नसणार. घरात सैल कुर्ता घालून बसता यावं एवढंच त्याला हवं असेल.

मी स्वतः बाइंडर घालत नाही. दम्यामुळं जमत नाही. बारीक चेक्सचा शर्ट, गडद रंग, खांद्याला बरोबर पण छातीला एक साइज ढिला, आत जाडसर कॉटनची बनियन, वर जाकीट किंवा उघडा दुसरा शर्ट. पातळ एकरंगी टीशर्ट आणि होजिअरीचं कापड टाळतो, ते अंगाला चिकटतं. खिसे दोन्ही बाजूंना असलेला शर्ट घेतला तर छाती आपोआप लपते.

वसंत_काका:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आज बोलतो त्याच्याशी.

रातराणी_सोपा:
काका 🙏 पुतण्या नशीबवान आहे.

मशीनवाली_मावशी:
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. माझ्या मोठ्या लेकरासाठी मी स्वतः बाइंडर शिवते, त्याच्या ओळखीच्या दोन-तीन पोरांना पण शिवून दिलेत. शिवायला कसा लागतो ते सांगते, तुमच्या टेलरला दाखवलं तरी त्याला कळेल.

पुढचा भाग दुहेरी घ्यायचा. अंगाला लागतो तो सुती, घट्ट विणीचा, धुवून आटवून घेतलेला, आणि बाहेरचा न ताणणारा. पाठ पॉवरनेटची, म्हणजे ब्राच्या पाठीला जाळीदार ताणणारं कापड असतं ना, ते. जाळीतून हवा जाते, आपल्या उन्हात पाठ उबत नाही. पाठ पण जाड लायक्राची केली तर मे महिन्यात पोरगं दुपारपर्यंत टिकत नाही. छातीवर मधोमध शिवण आणायची नाही, शिवणी बगलेखाली आणि त्या पण उलट्या, म्हणजे दाब बाहेरच्या बाजूला येतो, अंगाला ओरखडा नाही. मुंढा वर घ्यायचा, पण बगलेत रुतेल इतका वर नाही, हात पुढं करून गाडीचं हँडल धरल्यासारखं करून तपासायचं. खाली इलॅस्टिक रुंद लावायचं. अर्ध्या इंचाचं बारीक इलॅस्टिक दोरीसारखं कापतं, दोन इंची पट्टी बसते.

आणि मी एका बाजूला हुकपट्टी लावते, ब्राला असते तसली, तीन रांगांची. घालताना काढताना डोक्यातून ओढायचं काम नाही, घामानं अंग ओलं असलं की हाफ बाइंडर डोक्यात अडकतो आणि पोरं घाबरतात. शिवाय जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन एक रांग ढिली करता येते. हुकाच्या मागं मऊ कापडाची पट्टी द्यायची, नाहीतर हुक टोचतो. पुढून चेन लावलेले पण मिळतात, पण चेन शर्टातून उठून दिसते.

माप उभं राहून घेते आणि बसवून पण घेते, बसल्यावर छातीखालचा घेर वाढतो. कमी करायचं ते पाठीच्या ताणणाऱ्या कापडात, पुढच्यात नाही. आणि कमी म्हणजे इंच-दोन इंच, त्याच्या वर मी कुणालाच करून देत नाही, कितीही मागं लागला तरी.

शेंगाचटणी:
मावशी!!! तुम्ही इतके दिवस कुठं होतात

विजापूर_वेस:
या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट. मावशी, पॉवरनेट सोलापुरात कुठं मिळतं? साखर पेठेत?

मशीनवाली_मावशी:
ब्रा-परकराचं सामान विकणाऱ्या होलसेलवाल्याकडं विचार. नाही मिळालं तर पुण्याहून कुणी हुतात्मा एक्स्प्रेसनं येणारा असला की त्याला सांगते मी. जाळी हातात घेऊन आडवी-उभी ओढून बघायची, सोडल्यावर लगेच जागेवर आली पाहिजे. सुस्तावली तर घ्यायची नाही.

कडकभाकर:
टेपबद्दल कुणीच बोलेना. मी मागच्या उन्हाळ्यात ट्रान्सटेप, म्हणजे छाती सपाट करायला कातडीला चिकटवायचा खास टेप, लावला, छातीभोवती काहीच आवळत नाही, पाठ मोकळी. पोहायला पण जाता येतं.

फिजिओ_नवीपेठ:
टेप चांगला पर्याय आहे, पद्धत मात्र बरोबर पाहिजे. खेळाडू लावतात तसला कापडी, ताणणारा किनेसिओ टेप. दोन्ही बाजूंना वेगळा लावायचा, छातीभोवती पूर्ण गोल कधीच नाही. छाती बगलेच्या दिशेनं बाजूला घेऊन टेपचा मधला भाग ओढायचा, दोन्ही टोकं न ताणता नुसती टेकवायची. टोकं ताणली की तिथंच फोड येतो. स्तनाग्रावर आधी गॉज किंवा मऊ कागद. आधल्या दिवशी दंडाच्या आतल्या बाजूला एक तुकडा लावून ठेवा, खाज सुटली तर छातीवर लावू नका. काढताना सुक्यावर ओढायचा नाही, खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, मग कातडी एका हातानं दाबून धरत सावकाश सोडवा. आणि परत लावायच्या आधी कातडीला एक-दोन दिवस विश्रांती.

आपल्या घामात तो लवकर सुटतो हे पण खरं. लावताना कातडी कोरडी, तेल-पावडर काही नको. माप ३८ च्या पुढं असेल तर टेप एकटा सपाट करायला कमी पडतो, अशा वेळी टेपवर साधी बनियन आणि चेक्सचा शर्ट.

सातरस्ता:
टेपवर बाइंडर घातला तर डबल काम होईल का? किंवा दोन बाइंडर एकावर एक?

फिजिओ_नवीपेठ:
नाही आणि नाही. एका वेळी एकच.

सातरस्ता:
बरं 😅 अजून एक. गड्ड्याच्या म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीला पूर्ण दिवस पायी असतो मी, तेव्हा काय करायचं? जानेवारीत ऊन नसतं तसं.

अशोकचौक_७:
मी यात्रेत बाइंडर नाही घालत. गर्दीत एकदा अडकलं की बाजूला जाऊन काढायला जागा मिळत नाही. यात्रेत घालतात तो पांढरा अंगरखा, बाराबंदी, असते ती मुळात ढगळ, आत बनियन घालतो आणि काही दिसत नाही कुणाला. त्या दिवशी सगळी दुनिया एकाच पांढऱ्या रंगात असते भावा, तुझ्या छातीकडं बघायला कोण मोकळंय?

सातरस्ता:
हे आवडलं मला. ठरलं.

पाणी_कधी_येणार:
धुण्याचं मी सांगतो, आमच्या भागात पाण्याची बोंबच आहे. बाइंडर रोज धुवायलाच पाहिजे, घामाचं मीठ सुकून राहिलं की बगलेत आणि छातीखाली लाल चट्टे उठतात, मग ती खाज काही जात नाही. दोन ठेवायचे, एक अंगात एक दोरीवर. अर्धी बादली गार पाणी, थोडं साधं साबण, पाच-दहा मिनिटं भिजवून हातानं दाबायचं. ब्रश नाही, गरम पाणी नाही, ब्लीच नाही, कम्फर्ट टाइपचं काही नाही, त्यानं ताणणाऱ्या कापडाचा जीव जातो. पिळायचं पण नाही. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल पसरायचा, त्यात बाइंडर गुंडाळून दाबायचा, टॉवेल सगळं पाणी पितो. मग सावलीत वाळत. कडक उन्हात टाकला की लायक्रा कडक होऊन तडकतो. वापर रोजचा असेल तर सहा महिने ते वर्षभरात मागचं कापड सैल पडतं, तेव्हा बदलायचा.

आत पातळ मलमलची किंवा सुती बनियन घातली तर बाइंडर कमी घाण होतो. बनियन रोज बदलायची. मोठी छाती असेल तर छातीखालची घडी कोरडी ठेवणं फार महत्त्वाचं, अंघोळीनंतर पुसून पंख्याखाली दोन मिनिटं बसा.

फिजिओ_नवीपेठ:
बरोबर. त्या १८०० जणांच्या अभ्यासात पण कातडीचे त्रास मोठी छाती असणाऱ्यांना जास्त निघाले होते. चट्टे ओले झाले, वास आला तर बुरशी असते, मेडिकलातून मनानं स्टिरॉइडवालं मलम आणू नका, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि टर्किश टॉवेलचा विषय निघालाच आहे तर, संध्याकाळी बाइंडर काढल्यावर तोच टॉवेल घट्ट गुंडाळून लांबट वळी करा, जमिनीवर झोपून खांद्यांच्या मध्ये, पाठीच्या कण्याला समांतर ठेवा, हात दोन्ही बाजूंना पसरा आणि पाच मिनिटं सावकाश खोल श्वास. नंतर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढं ढकलायची. रोज केलं तर माझ्याकडं यायची वेळ येणार नाही.

रातराणी_सोपा:
पार्सलचा प्रश्न राहिला. शॉपिंग साइटवर पुरुषांसाठी गायनेकोमास्टियाची कॉम्प्रेशन बनियन मिळते, ज्या पुरुषांची छाती वाढलेली असते त्यांच्यासाठी. बिलावर पुरुषांची बनियन एवढंच येतं, काही शे रुपयांत मिळते, कॅश ऑन डिलिव्हरी असते. छाती थोडी दाबते, पूर्ण सपाट करत नाही, आणि पोटावर पण पट्टा असल्यामुळं उन्हात गरम होते. पण बाबांनी उघडलं तरी प्रश्न नाही. एकदा एका साइटवरून मागवली तर फोटोत दाखवलेलं न ताणणारं कापड नव्हतंच, नुसतं लायक्रा आलं, म्हणून पार्सल आल्यावर कापड ओढून बघ आणि परत करायची मुदत संपू देऊ नको. नाहीतर मित्राच्या पत्त्यावर मागव.

इन्स्टावर भारतात शिवणारे छोटे विक्रेते पण आहेत, त्यांना साध्या पाकिटात पाठवा म्हणलं की पाठवतात.

निळा_चेक्स:
आणि आईला माहितीये म्हणतोस ना, मग आईलाच सांग. पार्सल तिच्या नावानं आलं तर घरात कुणी विचारत नाही.

जुळे_सोलापूरकर:
सगळ्यांचं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. मावशींची पोस्ट तिला लै आवडली. ती म्हणाली बाहेरनं मागवायचं कशाला, इथली बाई शिवून देतीये तर तिच्याकडंच जाऊ.

तासांचं गणित असं बसवतोय. गाडीवर जाताना स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाकीट. ऑफिसात पोचल्यावर बाथरूममध्ये बाइंडर. दुपारी जेवताना हुक ढिले. साडेसहाला निघायच्या आधी काढून बॅगेत. म्हणजे जेवणाची सुट्टी वगळली तर आठच्या आत बसतंय. बुधवारी चेक्सचा शर्ट आणि बाइंडरला सुट्टी, शनिवार-रविवार ऑफिस बंद. ताई, चालेल का?

फिजिओ_नवीपेठ:
चालेल. पण पहिल्या दिवशीच आठ तास नको. जॉइन व्हायच्या आधी घरी दोन-तीन तास घालून बस, जिना चढ, जेवून बघ, मग हळूहळू वाढव. घालताना छाती सरळ आत किंवा वर दाबायची नाही, हात आत घालून दोन्ही बाजू खाली आणि बगलेकडं सरकवायच्या. सपाट पण दिसतं आणि मध्ये एकच उंचवटा येत नाही.

कडकभाकर:
ताई मी पण मोठा साइज मागवला आज.

फिजिओ_नवीपेठ:
शाब्बास.

वसंत_काका:
बोललो पुतण्याशी. घरी आल्यावर काढत जा म्हणालो. काही बोलला नाही, पण काल रात्री जेवायला सैल टीशर्टात आला. मावशी, त्याच्यासाठी पण एक शिवून द्याल का? पैसे आधी देतो.

मशीनवाली_मावशी:
देते की. रविवारी दुपारी चारनंतर या, कारखाना बंद असतो, मी घरीच. पत्ता खाजगीत पाठवते. पोरांनी येताना ब्रा घालून येऊ नये, साधी बनियन घालून यायचं. आणि ऑफिसात घालायचा तो शर्ट बरोबर आणा, शर्ट इन करून बसवून बघितल्याशिवाय मी कापड कापत नाही.

जुळे_सोलापूरकर:
मावशी, मी आणि आई दोघं येतो. एकच विचारायचं राहिलं, ऑफिसात पांढरा शर्ट आहे, मग बाइंडर पांढराच शिवायचा ना?

मशीनवाली_मावशी:
पांढऱ्याखाली पांढरा नको, कड उठून दिसते. तुझ्या कातडीच्या रंगाच्या जवळचं कापड काढते, गव्हाळ नाहीतर फिकट तपकिरी. दोन्ही तुकडे हातावर ठेवून बघू आणि ठरवू.